खिळ्यावरची अकरा वेढणी

आमच्या शेडमध्ये इंजिनाची जुळणी संपली तरी 'झालं' म्हणायचं नाही, असा दंडक होता. शेवटचा नट आवळला, त्याला तार बसली, हात पुसले, की म्हणायचं, 'बघू.' इंजिन पहिल्यांदा सुरू होऊन, नीट तापून, आपण बंद केल्यावर बंद झालं, की मगच 'झालं' हा शब्द उच्चारायचा. कुणाच्या तोंडून तो आधी निसटला तर त्याला त्या दिवशी सगळ्यांना मिसळ खायला घालावी लागे. अण्णांचं तेवढ्यानेही समाधान होत नसे. ते दिवसभर त्या इंजिनाभोवती तोंड पाडून फिरत.

अण्णा आमचे मुख्य जोडारी. मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडचे. घरात कन्नड, शेडमध्ये मराठी, आणि पायावर पाना पडला की दोन्ही. तरुणपणी ते दूर कर्नाटकात विमानांच्या इंजिनांच्या दुरुस्तीत होते. तिथून परत आले ते या कामाचं वेड घेऊनच. मी त्यांच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. मी मापाचा माणूस. आधी ऑइल इंजिनांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो, आणि तिथली सवय घरीही सुटलेली नाही. गॅसची टाकी आली की मी ती वजन केल्याशिवाय आत घेत नाही. बायको म्हणते, तुम्हाला मुलगी दाखवायला आणली तेव्हा मायक्रोमीटर घरी विसरला होतात म्हणून हे लग्न जमलं.

जुन्या विमानांची इंजिनं कोल्हापुरात दुरुस्त होतात, हे सांगितलं की माणसं मला वर-खाली बघतात. पण त्यात नवल नाही. इथे इंजिन बनवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ओतकाम, बोअरिंग, ग्राइंडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. देशात थोड्या हौशी लोकांकडे जुनी विमानं आहेत, आणि त्यांची इंजिनं बनवणारे कारखाने केव्हाच बंद झालेत. ती इंजिनं आमच्याकडे येत. मधे गोल पोट आणि भोवती सूर्याच्या चित्रातल्या किरणांसारखे नऊ सिलिंडर. उड्डाणाचा दाखला देणारे परवानाधारक इंजिनिअर बाहेरून यायचे. त्याआधीची मापं माझी आणि जुळणी अण्णांची. हाताखाली शिरोळचा एक फिटर होता, चाळिशीचा, पूर आला की आठ दिवस गायब होणारा आणि परत आल्यावर कुणापेक्षाही जास्त काम करणारा. शेड शिरोली एमआयडीसीत, दोन फौंड्रींच्या मधे. वाळूची धूळ येऊ नये म्हणून जुळणीच्या खोलीला दोन दारं केली होती. एक उघडताना दुसरं बंद पाहिजे.

या कामात शकुनांना फार जागा होती. ऑइल इंजिन बंद पडलं तर उसाला पाणी जात नाही. हे बंद पडलं तर वर माणूस असतो. म्हणून अमावास्येला इंजिनाचं पोट बंद करायचं नाही. जोतिबाचा गुलाल लावल्याशिवाय ते हलवायचं नाही. सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवतात, खालच्या सिलिंडरात तेल साठलेलं नाही याची खात्री करायला. त्या वेळी पहिल्या पात्याला 'एक' म्हणायचं नाही. खळ्यावर धान्य मापताना म्हणतात तसं 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं मोजत जायचं. मग नारळ.

मी यातल्या कशालाच हरकत घेतली नाही. अटी मात्र घातल्या. गुलालाची पूड बेअरिंगमध्ये गेली तर बेअरिंग खाते, म्हणून गुलाल जुळणीच्या खोलीबाहेर, आणि टिळा इंजिनाच्या लाकडी पेटीला. नारळ इंजिनापासून चार पावलं लांब, कारण त्याचं पाणी ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोवर उडतं. अण्णा हे सगळं पाळायचे आणि वर टोमणा मारायचे.

"मास्तर, तुमी देवालाबी गेज लावतायसा."

"देवाला नाही अण्णा. गुलालाला."

सगळ्यात जुना आणि अण्णांचा सगळ्यात लाडका शकुन वेढण्याचा. नट थरथरीने सैल होऊ नये म्हणून दोन-तीन नटांच्या भोकांतून बारीक स्टेनलेसची तार ओवून ती पिळतात. तिला आम्ही लॉकवायर म्हणतो. ती एकदा काढली की परत वापरायची नाही, हा नियम जगभर आहे. इंजिन आमच्याकडे उघडायला आलं की पहिली तार अण्णा स्वतःच्या हाताने कापत. तिचा बरा तुकडा घेऊन बोटाभोवती तीन फेरे देत आणि टोकं आत दुमडत. झालं वेढणं. ते उजव्या हाताच्या अनामिकेत घालायचं आणि इंजिन परत सुरू होईपर्यंत काढायचं नाही. सुरू झालं की काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचं. त्या खिळ्यावर अकरा वेढणी होती. त्या अकरांतलं एकही इंजिन हवेत बंद पडलं नाही. मी याचं श्रेय वेढण्यांना कधी दिलं नाही, पण आकडा खरा आहे.

माझी अट इथेही होती आणि ती सगळ्यात कडक होती. जुळणीच्या खोलीत अंगठी, घड्याळ, गंडा, काही चालणार नाही. पहिल्या इंजिनाच्या वेळी यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी फिटरने तोड काढली. आतल्या दाराच्या उंबऱ्याशी फळी ठोकून तिच्यावर पितळेची वाटी ठेवली. आत जाताना वेढणं वाटीत, बाहेर येताना बोटात. संध्याकाळी मी हत्यारांची फळी बघायचो. प्रत्येक पान्याची आकृती तिच्यावर रंगवलेली होती, त्यामुळे रिकामी आकृती लगेच दिसायची. मग वाटीत बघायचो. संध्याकाळी वाटी रिकामी असायला हवी, कारण वेढणं अण्णांच्या बोटात घरी गेलेलं असे. अकरा इंजिनं हे बिनचूक चाललं.

बारावं इंजिन आलं तेव्हा अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहाच्या कपात दिसलं, मग बारीक नट धरताना. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढणार असंही सांगितलं. अण्णांनी आम्हाला एवढंच सांगितलं की हे शेवटचं. ते फिरलेलं ऐकायचं आणि मग घरी बसायचं. त्यांच्यामागे हे काम करणारा कोणी नव्हता. फिटर सगळं करू शकायचा, पण इंजिनाचं पोट बंद करायचं धाडस त्याला नव्हतं, आणि तो ते मोकळेपणी सांगायचा. म्हणजे अण्णांचं शेवटचं तेच शेडचंही शेवटचं.

विमानाचे मालक साताऱ्याकडचे. तीन भावांत मिळून एक विमान होतं. धाकट्या दोघांना आता त्यात रस नव्हता. थोरले आमच्याकडे यायचे, अण्णा त्यांना पावणं म्हणायचे. भावाभावांत असं ठरलं होतं की दिवाळीच्या आत इंजिन फिरलं तर विमान उडवायचं, नाहीतर एका शाळेला देऊन टाकायचं. शाळा ते आवारात चबुतऱ्यावर चढवणार होती. पावणे हे सांगताना अण्णांकडे बघत नव्हते.

अडचण सीलची होती. प्रत्येक सिलिंडरच्या बुडाशी एक रबरी सील बसतं. नट आवळले की ते दाबलं जातं, आणि एकदा दाबलं की मेलं. त्या मापाची सील आता कुणी बनवत नाही. पावण्यांनी परदेशातल्या एका बंद होणाऱ्या दुकानातून नवांचा एक संच मिळवला. मी प्रत्येक सील मोजलं, तेलात बुडवून परत मोजलं. चांगली होती. एकच संच होता. दुसरा कुठेही नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

जुळणीला उन्हाळा आणि पावसाळा गेला. अण्णांनी कामाची रीत बदलली. हात शांत असेल तेवढाच वेळ आत जायचं, थरथर सुरू झाली की बाहेर येऊन खुर्चीवर बसायचं, पाणी प्यायचं, परत जायचं. पूर्वी दिवसातून दोनदा आत-बाहेर व्हायचे, आता दहा-बारा वेळा. दर खेपेला वेढणं काढायचं, दर खेपेला घालायचं. बोट वाळलं होतं, त्यामुळे ते सहज निघायचं. फिटर त्यांना चिडवायचा.

"अण्णा, नवी सून बी एवढ्यांदा दागिने काढत न्हाय."

"तुज्या मास्तरला सांग की. सासू त्यो हाय."

पोट बंद करायचा दिवस आला तेव्हा पितृपक्ष संपून घट बसले होते, आणि अण्णा खूश होते. पुढचं झाकण बसलं, शेवटचे सिलिंडर बसले. नट मी टॉर्क रेंचने आवळले आणि अण्णा शेजारी उभे राहून लाभ, दोन, तीन मोजत राहिले. लॉकवायर त्यांनी स्वतः पिळली. हात थरथरत होता तरी पीळ सरळ आला. मी भिंग लावून बघितला. हात पुसत अण्णा म्हणाले, "बघू." फिटर म्हणाला, "बघू." मीही म्हणालो. संध्याकाळी हत्यारांची फळी बघितली, सगळी हत्यारं जागेवर. वाटी बघितली, रिकामी. जशी असायला हवी तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले, स्कूटर लावली, आणि सरळ वाटीकडे गेले. तेव्हा मी त्यांचं बोट बघितलं.

"वेढणं कुठंय अण्णा?"

"वाटीत न्हाय व्हय?"

मला वाटत होतं ते त्यांच्या बोटात घरी गेलं. त्यांना वाटत होतं ते आदल्या दिवशीच्या गडबडीत वाटीत राहिलं. आम्ही दोघं त्या रिकाम्या वाटीकडे बघत उभे राहिलो.

मग शोधलं. शेड झाडली, झाडलेली धूळ चाळणीने चाळली. स्कूटरची डिकी उपसली. अण्णांच्या घरी फोन केला. वहिनींनी कपड्यांचे खिसे उलटे केले, मोरी बघितली, अंथरूण झटकलं. फिटर अण्णांच्या घरापर्यंतचा रस्ता मान खाली घालून चालत गेला आणि तसाच परत आला. चुंबक चालवून उपयोग नव्हता, स्टेनलेसची ती तार चुंबकाला लागत नाही. नळीला कॅमेरा लावून प्लगच्या भोकांतून नऊही सिलिंडर बघितले. खालचं तेल साठायचं भांडं काढून तिथून जेवढं दिसतं तेवढं बघितलं. पण पुढच्या दातेरी चाकांमागे एक जागा आहे, तिथे कॅमेरा वळत नाही, आणि ती उघडी करायची तर सिलिंडर काढावे लागतात.

दुपारी अण्णा खुर्चीवर बसले आणि जमिनीकडे बघत बोलले. आदल्या दिवशी एका खेपेला ते आत गेले तेव्हा वेढणं बोटातच राहिलं होतं. आत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. झाकण अजून बसलेलं नव्हतं.

"काढलं मी. एवढं आटवतंय. कुटं ठेवलं ते आटवंना."

"फडक्यावर? बाकावर?"

"आटवंना मास्तर."

फडकी आम्ही तीन-तीनदा झटकली होती. बाक सरकवून बघितला होता.

पावणे परवाला यायचे होते. इंजिन चालवून बघायचा स्टँड शेडच्या मागे तयार होता, पंखा आणून ठेवला होता, नारळ आणला होता. फिटर म्हणाला की रस्त्यात पडलं असेल, अण्णांचं बोट वाळलंय, स्कूटरच्या मुठीवरून सहज घसरतं. असेल, मी म्हणालो. तसंच असण्याची शक्यता जास्त, असंही म्हणालो. पण ते आत नाही हे मला कुणीतरी दाखवून द्यावं. मी पावण्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, आत असण्याची शक्यता किती, एक अंदाज द्या. मी म्हणालो की जे मोजता आलं नाही त्याचा आकडा मी देत नाही. मग म्हणाले, तुम्ही आणि अण्णा ठरवाल ते.

अण्णांनी फोन संपेपर्यंत वाट बघितली.

"एकडाव फिरवू या," ते म्हणाले. "जमिनीवरच हाय. वर कोण बसल्यालं न्हाय. मोडलं तर मोडलं."

"आणि नाही मोडलं तर?"

त्यांनी रिकाम्या वाटीकडे बघितलं.

"अण्णा, आत असलं आणि जमिनीवर वाचलं, तर ते आतच राहील. मग पावणे वर जातील."

फिटर उठून बाहेर गेला. अण्णांनी उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला होता. सीलचा विषय कुणीच काढला नाही. इंजिन उघडलं की सील गेली आणि सील गेली की इंजिन गेलं, हे त्या खोलीत बोलून दाखवायची गरज नव्हती. मी गप्प राहिलो असतो तर पावणे परवा आले असते, पंखा फिरला असता, आणि अण्णांना हवं ते ऐकू आलं असतं. मला ते दिसत होतं. मी गप्प राहिलो नाही.

थोड्या वेळाने अण्णा उठले, कटर घेतला, आणि आत जाऊन पहिली तार स्वतः कापली. तो रिवाज त्यांचाच होता. कापलेला तुकडा त्यांनी बोटाभोवती गुंडाळला नाही. भंगाराच्या डब्यात टाकला. तो डब्याच्या बुडाला लागल्याचा बारीक आवाज मला अजून आठवतो.

आम्ही इंजिन पूर्ण उघडलं. सिलिंडर काढले, झाकण काढलं, चाकं काढली, कॅमेरा न वळणारी ती जागा उघडी केली. ती स्वच्छ होती. सगळं तेल पांढऱ्या कापडातून गाळलं. प्रत्येक खाच बॅटरीच्या उजेडात बघितली, आधी मी, मग फिटरने, मग परत मी. वेढणं नव्हतं. शेवटचा भाग ट्रेमध्ये ठेवला तेव्हा फिटरच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं दिसलं. मग त्याची नजर बाकावर काढून ठेवलेल्या नऊ सीलवर गेली. एका बाजूने दाबून चपटी झालेली, कडेला चिरा गेलेली. अण्णा आत आलेच नाहीत. त्यांनी बाहेरून विचारलं, आणि मी बाहेर जाऊन सांगितलं.

पुढचे काही आठवडे मी सील शोधत होतो. ज्या ज्या देशात असली इंजिनं अजून फिरतात तिथे मेल पाठवले. दोन ठिकाणांहून सील आली, पण ती त्याच कारखान्याच्या दुसऱ्या इंजिनाची होती, जाडीला कमी. फिटरने एमआयडीसीतल्या एका रबरवाल्याकडून साचा करून नऊ सील बनवून आणली. ती हातात घेतल्यावर चांगली वाटली. मापालाही बसली. मी गरम तेलात ठेवली आणि काढून मोजली, फुगली होती. परत बनवली, परत फुगली. तिसऱ्या वेळी फिटरने मोजायच्या आधीच माझ्याकडे बघितलं.

"सायेब, थोडं इकडं-तिकडं चालंल की."

नाही चालणार, असं मी सांगितलं. त्याला माहीत होतं मी तेच सांगणार, आणि मलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. तरी त्याने विचारलं, कारण अण्णा दाराशी खुर्चीवर बसून ऐकत होते.

दिवाळी गेली. पावण्यांनी अजून थोडं थांबून बघितलं, त्यांच्या भावांनीही बघितलं. मग पावणे एके दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि तो कुणाच्या हातात द्यावा हे त्यांना कळेना. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. उलट माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही बरोबर केलंत. मला ते ऐकून काही वाटलं नाही. बरोबर आहे हे मला माहीत होतंच. त्याने काही हललं नाही.

शाळेसाठी इंजिन बाहेरून पूर्ण दिसेल असं जोडून द्यायचं होतं. आत कनेक्टिंग रॉड नकोत, पिस्टन नकोत, फक्त कवच. हे काम मी आणि फिटरने केलं. अण्णा त्या दिवसांत आले नाहीत. सिलिंडरच्या बुडाशी आम्ही मेलेलीच सील बसवली, कारण आता ती काहीच धरणार नव्हती. त्या इंजिनाला लॉकवायरची गरज नव्हती. चबुतऱ्यावर थरथर नसते. तरी आम्ही प्रत्येक नटाला तार ओवली आणि पिळली. फिटरने पिळलेली मी भिंगातून बघितली, मी पिळलेली त्याने बघितली. शेवटची तार कापली, हात पुसले, आणि फिटर सहज म्हणून गेला, "झालं."

मग तो थांबला. मला वाटलं तो जीभ चावेल, किंवा मी काही म्हणेन. त्याने कटर फळीवर त्याच्या जागी लावला. मिसळ आणायला कुणी गेलं नाही. संध्याकाळी टेम्पो आला, इंजिन चढवलं. पेटीला गुलाल लावायचा राहिला. मला आठवण होती, पण लावावा असं वाटलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे इंजिन आलं नाही. दोन चौकशा आल्या, त्यांना मी कळवलं की आता जोडणारा माणूस नाही. फिटर शिरोळला उसात आणि थोडं ट्रॅक्टर दुरुस्तीत आहे. शेडची जागा शेजारच्या फौंड्रीने घेतली. रिकामी करताना मी खिळा उपटून घेतला, वेढण्यांसकट. वाटी राहिली तिथेच, आता तिच्यात कुणी तंबाखूचा चुना ठेवत असेल.

उन्हाळ्यात मी गडहिंग्लजकडे अण्णांच्या गावी गेलो. शर्टाच्या खिशात मी एक वेढणं घेतलं होतं. शाळेच्या इंजिनाला तार लावताना उरलेल्या तुकड्याचं, तीन फेरे, टोकं आत दुमडलेली, मीच बनवलेलं. का बनवलं ते तेव्हाही सांगता आलं नसतं. बसमध्ये ते छातीला टोचत होतं.

अण्णा सोप्यात बसले होते. वहिनींनी चहा आणला, अण्णांना अर्धाच कप, सांडू नये म्हणून. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. उजव्या अनामिकेवर वेढण्याचा वळ होता. इतक्या वर्षांचा तो, पुसला जाणार नाही. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. थोडं इकडचं तिकडचं झालं. पावसाचं, पोरांचं, गोळ्या बदलल्याचं.

मग त्यांनी विचारलं, "घावलं?"

"नाही अण्णा. शेड रिकामी केली, तेव्हाही नाही."

"आत न्हवतंच म्हंजे."

"आत नव्हतं."

"फिरलं असतं मग."

मी हिशेबाने विचार करणारा माणूस. या प्रश्नाला मला एकच उत्तर येतं.

"हो. फिरलं असतं."

त्यांनी कप खाली ठेवला. ठेवताना तो बशीवर खडखडला आणि वहिनींनी आतून बघितलं.

"तरीबी तुमी उघडलंच असतंसा."

"उघडलंच असतं. आजही उघडेन."

"म्हाईत हाय की मला." त्यांनी बोटावरचा वळ दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळला. "म्हणून तर कुणावर राग काडाय येईना. राग तरी आला असता तर बरं वाटलं असतं बगा."

मी खिशाला हात लावला. वेढणं तिथे होतं. ते त्यांच्या हातावर ठेवलं असतं तर त्यांनी घेतलं असतं, कदाचित बोटातही घातलं असतं. पण ते कशाचं आहे हे त्यांनी पहिल्या नजरेत ओळखलं असतं. तार नवी होती, इंजिन पोकळ होतं, आणि ते कधी सुरू होणार नव्हतं. असल्या इंजिनाचं वेढणं बोटात घातलं तर ते काढायचं केव्हा, हा प्रश्न त्यांनी विचारला नसता. पण तो दोघांमध्ये तसाच बसून राहिला असता. मी हात काढून घेतला. वहिनींनी जेवूनच जा म्हटलं, मी बसची वेळ सांगितली.

खिळा आता आमच्या घरी दाराच्या चौकटीत ठोकला आहे. बायकोने सुरुवातीला त्याच्यावर किल्ल्या अडकवायला घेतल्या, मी नको म्हणालो, तेव्हापासून ती त्याला हात लावत नाही. मी बाहेर जाताना कधी कधी बोटाने एकेक सरकवून मोजतो. लाभ म्हणायला तोंड उघडतं आणि मी एक म्हणतो. अकरा भरतात. मी बनवलेलं बारावं कपाटात माझ्या मोजपट्ट्यांच्या डब्यात आहे. ते खिळ्यावर लावायचं नाही, आणि फेकायचं कुठे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.